ताहोसारख्या खोल सरोवरात ट्राउट-सॅमनसाठी ट्रोलिंग कसं करतात? खाडीत गळ टाकणाऱ्याला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वीस वर्षं ठाण्याच्या खाडीत गळ टाकताय, ऑगस्टमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियाला चाललाय, जावयांनी लेक ताहोवर एक दिवस बोट घ्यायचं ठरवलंय, आणि तिथे ट्राउट-सॅमन ट्रोलिंग करून पकडतात म्हणे तर ते नक्की काय, गळ किती खोल सोडायचा, इथलं सामान नेऊ का, आणि सॅमन म्हणजे आपला रावसच का. मी चेंदणी कोळीवाड्यात वाढलो, आता ऐरोलीला असतो, मधली पाच वर्षं नोकरीसाठी सॅक्रामेंटोला होतो. तिथून ताहो दोनेक तासांवर, त्यामुळे उन्हाळ्यात जवळजवळ दर शनिवारी रात्री अडीचला गाडी काढायचो. जमेल का म्हणाल तर शंभर टक्के जमेल, फक्त खाडीने हाताला लावलेल्या दोनतीन सवयी तिथे आड येतात, त्या सांगतो.

आधी रावसाचं. हॉटेलवाले मेनूकार्डावर रावसाला इंडियन सॅमन लिहितात, पण त्याचा नि सॅमनचा काही संबंध नाही, रावसाच्या छातीपाशी ते लांब धागे असतात ना, ते कुळच वेगळं. ताहोत जो सॅमन मिळतो त्याला कोकनी म्हणतात (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं कोकणीच ऐकू आलं), आणि हा म्हणजे सॉकाय नावाचा समुद्री सॅमनच, पण समुद्रात कधीच न जाणारा, सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा. तो तिथला मूळचा नाही, १९४४ साली सरोवराकाठच्या हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) चुकून सुटला आणि रुजला. दुसरा मोठा मासा मॅकिनॉ, म्हणजे लेक ट्राउट, तोही एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेला. तिथला खरा मूळचा कटथ्रोट ट्राउट बेसुमार मासेमारी आणि या पाहुण्यांमुळे १९३९ पर्यंत सरोवरातून संपला होता. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं, कारण खाडीतला जिताडा कमी होत गेलेला आपण डोळ्यांनी पाहिलाय.

आता मुद्द्याचं. आपण खाडीत काय बघतो? तिथी. उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची छोटी, भरती कधी लागते, पाणी कधी फिरतं, आमच्या काकांचं सगळं गणित त्यावर चालायचं. ताहोला भरती-ओहोटीच नाही. तिथे तिथीच्या जागी थर्मामीटर ठेवा, बाकी सगळं आपोआप समजत जातं. हे सरोवर ५०१ मीटर खोल आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, ऑगस्टमध्ये १८-२० अंशांच्या आसपास जातं, आणि ते हलकं असल्यामुळे वरच तरंगत राहतं. खाली मात्र चार-पाच अंशांचं जड पाणी तसंच पडून असतं, आणि या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो जिथे थोडं खाली गेलं की तापमान झपाझप उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. ट्राउट-सॅमन थंड पाण्याचे, कोकनीला १०-१३ अंश आवडतात, मॅकिनॉला त्याहूनही गार. म्हणजे ऑगस्टमध्ये वर गळ सोडून तुम्ही दिवसभर बसलात तरी काही नाही, मासा खाली त्याच्या गारव्यात बसलेला असतो. कोकनी साधारण साठ ते शंभर फुटांवर बघायचा, कधी अजून खाली, आणि मॅकिनॉ दीडशे फुटांच्या खाली, तळाला धरून, जिथे तळ एकदम कड्यासारखा उतरतो तिथे. बोटीवर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, असतोच, त्यात थवा कुठल्या खोलीवर दिसतोय ते बघा आणि आमिष त्याच्या चारपाच फूट वर चालवा, खाली नाही, कारण हा मासा वरचं बघून उठतो, खाली सहसा येत नाही.

ट्रोलिंग म्हणजे बोट अगदी हळू चालवत मागे आमिष ओढत राहायचं. सुरमईसाठी बाहेर समुद्रात ओढतात तसंच, पण वेग पार वेगळा. कोकनीला ताशी दीड ते अडीच किलोमीटर, म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीला आजीआजोबा फेरी मारतात त्याहूनही हळू. मॅकिनॉला थोडं जास्त चालतं.

पण इतक्या खोल आमिष न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. शिसं भरलेली दोरी मिळते, लेडकोअर, दर तीस फुटांना तिचा रंग बदलतो आणि हळू वेगात एका रंगामागे ती साधारण पाचेक फूट खाली जाते, म्हणजे ऐंशी फुटांसाठी सोळा रंग सोडायचे, आणि मग त्या सगळ्या वजनाच्या टोकाला मासा आहे की नाही हेच हाताला कळत नाही. म्हणून बोट घेताना डाउनरिगर आहे का एवढं नक्की विचारा. बोटीच्या कडेला एक छोटा रहाट असतो, त्याच्या तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, आणि गोळ्याजवळ एक चिमटा. आमिष आधी पन्नास-शंभर फूट मागे सोडायचं, मग तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) त्या चिमट्यात अडकवायचा, आणि गोळा मोजून खाली सोडायचा, रहाटावर फुटांचा आकडा फिरताना दिसतो. मासा लागला की तंगूस चिमट्यातून सुटतो आणि मग तुमच्यात नि माशात वजन काहीच उरत नाही, हलक्या काठीवर तो अख्खा मासा हाताला लागतो. मला हे यंत्र फार आवडतं.

आणि इथेच आपली सवय आड येते, त्यामुळे हे नीट वाचा. आपल्याकडे काठी वाकली की मासा. डाउनरिगरवर काठी आधीपासूनच वाकलेली असते, तंगूस चिमट्यात ताणून तिला धनुष्यासारखी करून ठेवतात, आणि मासा लागतो तेव्हा ती टक्कन सरळ होते. माझ्या पहिल्याच सकाळी काठी सरळ झाली आणि मी बघतच राहिलो, मला वाटलं चिमटा उगाच सुटला, तोपर्यंत तंगूस ढिला पडून मासा निघून गेला. दुसऱ्या वेळी कळलं होतं, पण जिताड्याला देतो तसा जोरात हिसका दिला आणि गरी नुसती वर आली, तिच्या टोकावर माशाच्या ओठाचा पातळ पांढरा पापुद्रा, कांद्याच्या सालीसारखा. कोकनीचं तोंड तेवढंच नाजूक असतं. काठी सरळ झाली की हिसका अजिबात द्यायचा नाही, काठी उचलायची आणि ढिला तंगूस भराभर गुंडाळत जायचं, मासा आपोआप काठीला येतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, ढिला ठेवा. बोट थांबवू नका, वेग तोच राहू दे, नाहीतर ढील पडते. आणि जाळी लांब दांड्याची हवी, अर्धे मासे बोटीच्या कडेला येऊन शेवटची उडी मारताना सुटतात, तेव्हा घाई करायची नाही, तो दमून आडवा झाला की डोक्याकडून जाळीत घ्यायचा.

आमिषाचं म्हणाल तर कोकनी खातो पाण्यातले बारीक जीव, म्हणजे आपलं आमिष त्याला खाणं वाटतच नाही, तो चिडून नाहीतर कुतूहलाने तोंड मारतो. त्यासाठी पुढे डॉजर लावतात, एक चकचकीत पत्रा जो डावीउजवीकडे डोलतो, आणि त्याच्या मागे वीतभर अंतरावर गुलाबी नाहीतर नारिंगी छोटं झालरवालं आमिष, गरीला पांढऱ्या मक्याचा एक दाणा. तो दाणा लोक लसणाच्या नाहीतर ट्यूनाच्या तेलात रात्रभर भिजवून आणतात, आणि फरक पडतो, मी दोन्ही करून बघितलंय. खोल गेलं की लाल रंग आधी विरतो म्हणून मॅकिनॉला हिरवा-निळा किंवा अंधारात चमकणारा चमचा, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष.

सरळ रेषेत बोट नेऊ नका, नागमोडी न्या. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं आणि आतलं मंदावतं. बाहेरच्या काठीला मासा लागला तर वेग वाढवा, आतल्या काठीला लागला तर कमी करा, मासाच तुम्हाला त्या दिवसाचा वेग सांगतो. खाडीत एका जागी तासन्‌तास बसायची सवय असलेल्याला हे सतत काहीतरी बदलत राहणं सुरुवातीला जड जातं, पण मी कोरड्या गेलेल्या सकाळी आठवतो तेव्हा प्रत्येक वेळी मी एकच खोली नि एकच वेग धरून बसलो होतो.

उजाडायच्या आधी पाण्यावर असा. ताहोचं पाणी फार नितळ आहे (नितळपणा मोजायला पांढरी तबकडी सोडतात, ती १९६८ ला ३१ मीटर खोलवर दिसायची, आता साधारण वीसेक मीटर), ऊन वर आलं की मासा अजून खाली सरकतो आणि सावध होतो. दुपारी वारा सुटतो नि लाटा उठतात, तोवर काठाला या. १९०० मीटर उंचीवर आहे, ऑगस्ट असला तरी पहाटे कुडकुडायला होतं, कानटोपी न्या, आणि लाइफ जॅकेट अंगातून काढू नका, पोहता येत असलं तरी.

एक विनंती. मोठा मॅकिनॉ लागला तर फोटो काढा आणि सोडून द्या, हा मासा फार सावकाश वाढतो, मोठा म्हणजे कित्येक वर्षांचा असतो. खोलातून वर आणताना हळू आणा, त्याला पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते पण वेळ मिळायला हवा, आणि वरच्या कोमट पाण्यात खेळवत बसू नका. खायला कोकनी घ्या. पकडल्या पकडल्या कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात, नाहीतर मांस मऊ पडतं. आतून तांबूस नारिंगी निघतो. त्याचं तिखलं करू नका, मीठ-हळद, लिंबू, थोडा लसूण आणि तव्यावर कातडीकडून परता, रवासुद्धा नको.

इथलं सामान नेऊ नका, आपल्या काठ्या जाड पडतात, बोटीबरोबर मिळतं तेच वापरा. कॅलिफोर्नियाचं लायसन्स मात्र १६ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला लागतं, एका दिवसाचंही मिळतं, ते लेकीला आधीच ऑनलाइन काढून ठेवायला सांगा, आणि किती मासे ठेवता येतात, मका चालतो का, हे त्या वर्षीच्या नियमात बघून घ्या. बोट ठरली की त्यावर डाउनरिगर एक आहे की दोन ते खाली लिहा, त्याप्रमाणे दोन काठ्या कुठल्या खोलीवर लावायच्या ते सांगतो.