हिरव्या पाण्यातील प्राणवायूचा हिशेब

प्रश्न : जगातील निम्मा प्राणवायू समुद्रातून येतो, असे मुलाच्या पुस्तकात आहे. मग आपला दर दुसरा श्वास समुद्राचाच मानायचा का?

नाही. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे काम वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले आणि नीलहरित जीवाणू करतात, हे खरे आहे. परंतु त्यातून निर्माण झालेला जवळजवळ सगळा प्राणवायू या पेशींच्या स्वतःच्या, त्या खाणाऱ्या प्राण्यांच्या आणि त्या कुजवणाऱ्या जीवाणूंच्या श्वसनात समुद्रातच खर्ची पडतो. हवेतील २१ टक्के प्राणवायू ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. जे सेंद्रिय द्रव्य न कुजता गाळात गाडले गेले, मुख्यतः त्याच्या वाट्याचा प्राणवायू मागे उरला.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू आणि कटला आहेत. पाणी गर्द हिरवे झाले असून दुपारी सामू (पीएच) ९च्या वर जातो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. काय करावे?

दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आहे. पाण्यात विरघळून आम्ल तयार करणारा कार्बन डायऑक्साइड प्लवक दिवसा शोषून घेतात, त्यामुळे सामू चढतो, आणि प्राणवायूही मुबलक होतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते. श्वसन मात्र प्लवकांचे, माशांचे आणि तळाच्या गाळातील जीवाणूंचे रात्रभर चालूच राहते, म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. दुपारही निर्धोक नसते, कारण सामू चढला की पाण्यातील अमोनियाचा विषारी अंश वाढतो. खाद्य कमी करावे, शेणखत थांबवावे आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवावा. ढगाळ दिवसांत तर यात हयगय नको. सगळे शेवाळ एकदम मारणारे औषध मात्र कृपा करून टाकू नका. मेलेल्या पेशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि एका रात्रीत तळे रिकामे होऊ शकते.

प्रश्न : पावसाळ्याच्या अखेरीस कोकण-गोव्याचा समुद्र हिरवट दिसतो, तरी तळाशी प्राणवायू नसतो, हे कसे?

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, नायट्रेट या पोषक क्षाराने समृद्ध पण प्राणवायूने आधीच दरिद्री असे पाणी किनाऱ्याकडे चढते. प्लवक फोफावतात, मरून खाली जातात आणि तिथे कुजतात. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरलेला असल्याने हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. मग जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट अधिक उष्णता धरून ठेवतो.

प्रश्न : समुद्रात लोह टाकून प्लवक वाढवले, तर हवेतील कार्बन कमी होईल का?

पेशी वाढल्या एवढ्याने नाही. त्या खोल बुडाल्या तरच. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह २००९ साली दक्षिण महासागराच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सल्फेट टाकून हेच तपासले. ‘लोहाफेक्स’ या प्रयोगात प्लवक वाढले खरे, पण तिथे कवचासाठी लागणारे सिलिसिक आम्ल तुटपुंजे असल्याने काचेसारख्या कवचाचे डायाटम हे प्लवक वाढू शकले नाहीत, आणि जे वाढले ते कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी वरच्या थरातच खाल्ले. खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला.