प्रवासाआधीचे सहा रविवार

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सहा आठवड्यांनी आठ दिवसांसाठी गाडी घेऊन निघायचंय. सोबत नवरा, नऊ आणि चार वर्षांची मुलं, आणि सासूबाई. कॅमेरा नुकताच घेतलाय, त्याबरोबर दोन लेन्स आल्यात. घराजवळ फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून हात प्रवासातच बसवायचा असा बेत. आणि घरचे आत्तापासूनच बजावतायत, "दर दहा मिनिटांनी गाडी थांबवायची नाही हं."

घरच्यांचं बरोबर आहे. चुकलाय तो बेत.

हाच बेत मीही एकदा केला होता. नवा कॅमेरा, लांबचा रस्ता आणि दांडगा उत्साह. पहिल्या रात्री अंधारात फोटो काढायला आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ३२०० वर नेला आणि तो तिथेच विसरले. दुसरा दिवस लख्ख उन्हाचा. अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) मोठं ठेवलेलं, कॅमेऱ्याचा शटर १/४००० सेकंदाहून जलद जात नव्हता, त्यामुळे दिवसभराचे फोटो पांढरेफटक. मागच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नव्हतं, ते रात्री दिसलं. त्याहून वाईट म्हणजे, जिथे खरंच थांबण्यासारखं होतं तिथे मी वीस मिनिटं मेनू चाळत बसले, गाडीत धाकटा रडून रडून झोपला, आणि पुढचे दोन दिवस मी कॅमेरा बाहेर काढला की सगळे एकमेकांकडे बघायचे.

प्रवासात तुम्हाला सलग मोकळा वेळ मिळतो तो चार-पाच मिनिटांचा. त्यात फोटो निघतो, शिकणं होत नाही. शिकायचं ते घराजवळ, जिथे फसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

"घराजवळ काही नाही" हे मला पटत नाही. योसेफ सुदेक हा प्रागचा छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरची वाफ, पाण्याचे थेंब, बाहेरचं वाकडं झाड, बस. म्हणून तुम्हीही खिडकीशी बसा असं नाही. पण विषय संपला असं म्हणण्याआधी तीच जागा चार वेगळ्या उजेडांत बघितली आहे का, एवढं स्वतःला विचारा.

तुमच्याकडे सहा रविवार आहेत. अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक जागा ठरवा. बाग, तळं, बाजार, स्टेशन, काहीही. सहाही वेळा तिथेच जा. दर वेळी नवी जागा घेतलीत तर जागा बघण्यातच वेळ जातो. जागा तीच असली की तिसऱ्या खेपेला तिचा कंटाळा येतो आणि मग नजर उजेडाकडे वळते. मला तरी उजेड असाच दिसायला लागला, कंटाळ्यातून.

लांबची (दूरचं जवळ आणणारी) लेन्स या सहा आठवड्यांत कपाटात राहू दे. छोटी झूम लेन्स ३५ एमएमच्या खुणेवर आणा आणि वर चिकटपट्टी लावून टाका. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग, लहान आकाराचा असेल (सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो), तर ३५ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या साधारण ५० एमएमइतकी चौकट दिसते. झूम बंद झाला की पाय हलवावे लागतात, आणि मागे विजेचा खांब डोक्यातून उगवलाय हे पाय हलवतानाच लक्षात येतं.

एखाद्या रविवारी थोरल्याला सोबत न्या, पण एकालाच. त्याला पळायला लावा आणि शटर १/६० पासून १/५०० पर्यंत बदलत जा. कुठे हात-पाय पुसट होतात, कुठे थिजतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही. मग त्याला सायकलवर समोरून आडवं जायला सांगा, शटर १/३० ठेवा, आणि त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत क्लिक करा. पन्नासातले पंचेचाळीस फुकट जातील. उरलेले बघून पोरगा स्वतःच "अजून एकदा" म्हणेल. धाकटीचे फोटो काढायचे तर गुडघ्यांवर बसा. वरून काढलेल्या फोटोत चार वर्षांचं मूल म्हणजे केस आणि नाक.

दर खेपेला घरी परतल्यावर एक काम न चुकता करा: आयएसओ खाली, एक्स्पोजर (फोटो उजळ-गडद करण्याची सेटिंग) शून्यावर, फोकस मूळ जागी, बॅटरी चार्जरला, कार्ड रिकामं. हे अंगवळणी पडलं असतं तर माझा तो पांढराफटक दिवस वाचला असता.

आता प्रत्यक्ष प्रवास. तुमचा खरा झगडा उजेडाशी नाही, घड्याळाशी आहे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हाचा उजेड सगळ्यांत सुंदर, आणि संध्याकाळी नेमकी तीच वेळ मुलं दमून किरकिर करण्याची आणि मोठ्यांना मुक्कामी पोचायची घाई असण्याची. संध्याकाळ सोडून द्या असं मी म्हणेन. पहाट तुमची. सगळे झोपलेले असताना उठायचं, तासभर एकटीने जवळपास फिरायचं (आदल्या रात्री घरच्यांना सांगून), आणि ते उठायच्या आत परत. या एका तासामुळे दिवसभर तुम्ही "थांबवा, थांबवा" म्हणणार नाही. आठ दिवसांतल्या पाच पहाटा जरी साधल्या तरी खूप झालं.

एखादी संध्याकाळ घ्यावीशी वाटलीच, तर हात पूर्ण लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. एक बोट म्हणजे सूर्यास्ताला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे तासभर. ही बोटं सासूबाईंना दाखवून "फक्त दोन बोटं थांबूया" म्हणता येतं. डोंगराळ भागात मात्र सूर्य आधीच डोंगराआड जातो, तिथे हा हिशेब डोंगराच्या कडेपासून धरायचा.

धावत्या गाडीतून बाहेरचे फोटो काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. काढा, पण फार आशा ठेवू नका. आदल्या रात्री काच आतून-बाहेरून पुसा, शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या पण टेकवू नका, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. गडद रंगाचे कपडे घातले तर काचेत तुमचंच प्रतिबिंब कमी पडतं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा) फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, कडक केलेल्या काचेतून बघताना त्याने रंगीत पट्टे उमटतात. रस्त्याकडेचं सगळं पुसट येणार आणि दूरचे डोंगर ठीक येणार, ते तसंच असतं. आणि गाडी चालवत असाल त्या दिवशी कॅमेरा मागच्या सीटवर, दुसऱ्याच्या हातात. यावर चर्चा नाही.

एक गोष्ट बहुतेकांना फोटो खराब झाल्यावरच कळते. गार केलेल्या गाडीतून दमट हवेत उतरलात की लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, पुन्हा धरते. उतरायच्या अर्धा तास आधी गाडीतला गारवा बंद करा, किंवा कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेत हळूहळू रुळू द्या. उन्हात उभ्या गाडीत मात्र कॅमेरा आणि बॅटऱ्या कधीच सोडू नका.

बाहेरपेक्षा गाडीच्या आतच जास्त बघा, असं माझं मत आहे. बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, खिडकीशी बसवून काढलेल्या पोर्ट्रेटसारखा. बाहेरच्या उजेडाला कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे करतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवा आणि बाहेरचं दृश्य पांढरं झालं तर होऊ द्या. नकाशावरून चाललेला वाद, खांद्यावर टाकलेली झोपाळू मान, आरशात दिसणारे चालवणाऱ्याचे डोळे. डोंगराचे फोटो लोकांनी तुमच्याआधी काढून ठेवलेत, आणि चांगल्या हवेत काढलेत.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकचं उदाहरण देते. १९५५-५६ मध्ये तो जुन्या गाडीतून अमेरिकाभर फिरला, मधल्या काही टप्प्यांत बायको आणि दोन मुलंही बरोबर होती. २७ हजारांहून जास्त फोटो काढले आणि त्या प्रवासाच्या पुस्तकात घेतले ८३. त्यातला शेवटचा फोटो टेक्सासमधल्या रस्त्याकडेचा: अर्धीच चौकटीत आलेली त्यांची गाडी आणि आत पेंगुळलेलं त्याचं कुटुंब. अख्ख्या देशाचे फोटो झाल्यावर त्याने शेवटी हा ठेवला.

त्यातला ८३ हा आकडाही लक्षात ठेवा. रोज रात्री फोटो दुसऱ्या जागी उतरवून घ्या, कार्ड मात्र घरी पोचेपर्यंत पुसू नका. कार्डं स्वस्त असतात. निवड प्रवासात करू नका. परतल्यावर आठवड्याने बसा आणि चाळीसच ठेवा, छापून घ्या. निवडायला नवऱ्याला आणि मुलांना बसवा. माझ्या एका अतिशय सुबक सूर्यास्ताला घरच्यांनी एकमताने घरचा रस्ता दाखवला होता. त्याच्या जागी आला पंक्चर झालेल्या चाकाशेजारी चिडून बसलेल्या माझ्या वडिलांचा फोटो, आणि त्यात फोकससुद्धा जरा हुकलाय.

लांबची लेन्स न्यायची की नाही हे विचारलंत. न्या, तळाशी टाका. ट्रायपॉड नको, भिंत आणि गाडीचं बॉनेट पुरतं. एक जादा बॅटरी मात्र घ्याच. आणि थोरल्याला एखादा जुना फोन देऊन ठेवा, तुमचे फोटो तोच काढेल.

पहिला रविवार परवाच आहे. चिकटपट्टी शोधून ठेवा, आणि जागा ठरली की कळवा, तिथे सकाळी ऊन कुठल्या बाजूने येतं तेही बघून सांगा.