पीयूसीचा अर्ज भरण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला दहावीच्या निकालाचा फोटो पाहिला. गणिताचे गुण तर दोनदा पाहिले. आनंद झाला, ते काय वेगळं सांगायचं! पण त्याखाली जे लिहिलंयस त्यासाठी हे पत्र. ‘बाई, सायन्स मला आवडतं, पण सगळं इंग्लिशमध्ये असतं म्हणून आर्ट्स घेते.’ आर्ट्सला माझी हरकत नाही. तुझ्या त्या ‘म्हणून’ला आहे.

शुभेच्छा समारंभात तुम्ही सगळी रडलात, पाहुण्यांनी ‘शाळेचं नाव उज्ज्वल करा’ म्हटलं, तुमच्या वर्गानं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. (ऑफिसात आता अशी बरीच घड्याळं झाली आहेत, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. पुढच्या वर्गाला सांगायला हवं, पुस्तकं द्या म्हणून.) पण जूनमध्ये नेमकं काय होणार आहे, हे त्या दिवशी कुणीच बोललं नाही. ते आता सांगते.

मराठी माध्यमातली मुलगी खानापुरात नाहीतर बेळगावात पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला जाते. लेक्चरर येतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि समजावून सांगताना बहुतेक वेळा कन्नडवर येतात. शाळेत ज्या भाषेत पोरगी पहिल्या बाकावरून हात वर करायची, ती भाषा त्या वर्गात कुठेच नसते. मग ती मागच्या बाकावर सरकते, उत्तर येत असलं तरी उठत नाही. पहिल्या चाचणीत गुण पडतात आणि दिवाळीला घरी आली की स्वतःच सांगते, ‘माझं डोकंच नाही सायन्सचं.’ घरच्यांनाही ते पटतं. एखाद्या घरात तर स्थळांची चर्चा तेव्हापासूनच सुरू होते. माझ्या वर्गातून गेलेल्या हुशार मुलींच्या बाबतीत हे होताना मी पाहिलं आहे, आणि दरवेळी चीड येते, कारण त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नसतं. वर्गसमीकरण झोपेत सोडवणारी पोर ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ कानावर पडलं की गोंधळते, एवढीच ती गोष्ट. पहिले पाच-सहा महिने वाईट जाणार आहेत, हे आधीच धरून चाल. आधी माहीत असलं की माणूस त्याचा दोष स्वतःच्या बुद्धीला देत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. दोनशे पानी वही घे. शेजारच्या गल्लीतल्या त्या पीयूसी झालेल्या ताईकडून तिची पहिल्या वर्षाची पुस्तकं माग. सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तकं असतात, जुनी चालतात. गणिताच्या पुस्तकातलं त्रिकोणमितीचं प्रकरण उघड. पायथ्याशी जे आहे ते तू आमच्याकडे केलेलंच आहेस, फक्त पेहराव बदललाय. रोज दोन पानं मोठ्यानं वाच, अडलेला शब्द वहीत लिही, शेजारी आपला शब्द लिही. त्वरण, संयुजा, प्रकाशसंश्लेषण, हे शब्द तुला अर्थासकट येतात. नुसता इंग्रजी शब्द पाठ करून आलेल्या मुलापेक्षा तू इथे पुढेच असशील, याबद्दल मला शंका नाही. आणि आकडेमोड मनात मराठीतच कर. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी म्हणायला कुठल्याही कॉलेजात बंदी नाही. उत्तरपत्रिकेवर येतो तो 81 आकडा.

वर्गात प्रश्न विचारायचा तर मोडक्या इंग्रजीत विचार. हसतील. हसणाऱ्यातले निम्मे कन्नड माध्यमातून आलेले असतात, त्यांनाही तेच कळलेलं नसतं. त्यांच्यातलीच एक मैत्रीण कर. तिला गणित सांग, तिच्याकडून कन्नड घे. सौदा दोघींच्या फायद्याचा आहे.

कन्नडबद्दल आता थोडं स्पष्ट लिहिते, कारण घरी तुला कोणी हे बोलणार नाही. मागच्या वर्षी तुझे आजोबा शेताचा उतारा घेऊन स्टाफरूममध्ये आले होते, आठवतं? उतारा कन्नडमध्ये. आजोबा शाळेत जायला लागले तेव्हाच्या सुमारास, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण त्यांचं शिक्षण मराठीतच झालं. आयुष्यभर जी जमीन कसली तिचा कागद त्यांना वाचता येत नव्हता. तू बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलीस. सर्व्हे नंबर, गुंठे, कुणाच्या नावावर काय. एका ठिकाणी नावात चूक होती, तीही तुलाच दिसली. आजोबा नुसते तुझ्याकडे बघत होते. त्या दिवशी तुझं मराठीपण कुठे कमी झालं? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड लागणार, नाडकचेरीत (महसुली कामांच्या सरकारी कचेरीत) लागणार, बसची पाटी वाचायला लागणार. मराठीचा अभिमान ठेव, मीही ठेवते, सभांनाही जाते. पण अभिमानापायी कन्नडच्या तासाला वही न उघडणाऱ्या मुलांचं मला कौतुक नाही. त्यांचं नुकसान पुढे त्यांनाच भरावं लागतं, भाषण करणाऱ्याला नाही. बाकी मराठी सुटेल अशी भीती असेल तर पीयूसीला भाषा म्हणून मराठी घेता येते. मात्र तू बघतेयस त्या कॉलेजात ती शिकवायला कोणी आहे का, हे अर्ज भरण्याआधी विचार. नंतर विचारलंस तर हिंदी नाहीतर कन्नड गळ्यात पडेल.

आता आर्ट्स. तुला इतिहास मनापासून आवडत असता, शिक्षक किंवा वकील व्हायचं असतं, स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर असत्या, तर मीच तुला आर्ट्सचा फॉर्म आणून दिला असता. उरलेल्यांची शाखा म्हणून तिच्याकडे बघतात, ते मला मुळीच पटत नाही. पण तू फिजिक्सच्या भीतीनं तिथे जाशील, तर तिथलंही मन लावून करणार नाहीस. शिवाय इंग्रजी आणि कन्नड तिथेही वाट बघतच असतात.

तिसरा रस्ताही आहे, त्याचं नाव घरी निघालं नसेल. डिप्लोमा. दहावीवर तीन वर्षांचा, मग डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप तू बसमधून पाहिले आहेस. तिथे डिप्लोमा झालेल्या माणसाला काम मिळतं. ‘मुलीनं काय मशीनवर उभं राहायचं’ असं तुझे काका म्हणतील. त्यांना सांग की ड्रॉइंग वाचायला आणि माप तपासायला मिशा लागत नाहीत. तरीही तुझा कल पाहता माझं मत पीयूसी सायन्सकडेच झुकतं. डिप्लोमाचा विचार न करताच तो सोडू नकोस, एवढंच.

बसचं कारण मला सांगू नकोस. जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत राज्याच्या साध्या बसमधून मुलींना तिकिटाचे पैसे नाहीत, आधार कार्ड जवळ ठेवलं की झालं. मुलांना अजून पास काढावा लागतो, त्यांचं खरं रडगाणं आहे. पावसाचं मात्र खरं. जांबोटीकडच्या भागात जुलैत बस कधी येईल ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. तेव्हा कॉलेज ठरवताना नुसतं नाव बघू नकोस, संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आहे ते बघ. आणि प्रॅक्टिकल संपायची वेळ तिच्याशी जुळते का, हे तिथल्या सीनियर मुलींना विचार. हॉस्टेलचा विषय निघाला तर वडिलांशी मी बोलेन.

कागदांचं काम याच महिन्यात उरकून घे. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्कशीट पुढे जन्मभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं, म्हणून ते हातात आलं की आधी गुण बघू नकोस, नाव बघ. आपली आडनावं मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना काय काय रूप घेतात ते तुला माहीतच आहे. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं स्पेलिंग एकच हवं. चूक असेल तर टीसी नेण्याआधी माझ्याकडे ये. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढ, त्यावरचा आरडी नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, सगळे अर्ज तोच मागतात. आणि हे नीट लक्षात घे : पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना केसीईटीत (बारावीनंतरच्या कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षेत) ग्रामीण आरक्षण मागता येतं. त्यासाठी अभ्यासाचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो, त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. प्राथमिक शाळेचा आणि आपला, दोन्ही. दोन वर्षांनी ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा रजिस्टर कुठे असतं ते आत्ताच विचारून ठेव. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जायचं मनात आलं, तर तिथल्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. म्हणून मातृभाषेचा दाखलाही शाळेकडून घेऊन ठेव.

तुझ्या वर्गातले ते तिघे अग्निवीरसाठी पहाटे पळतात म्हणे. चांगलं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आपल्याकडे ती ओढ आहेच. पण साडेसतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय भरती नाही, आणि नोकरी चार वर्षांची, त्यानंतर सगळ्यांना ठेवून घेत नाहीत. तोवर पीयूसीला नाव घाला म्हणावं. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

मंगळवारी सकाळी शाळेत ये, क्लार्क त्या दिवशी नक्की असतात. कॉलेजच्या अर्जाची कोरी प्रत आण. शाखेचा रकाना माझ्यासमोर भर. काय लिहायचं ते तूच ठरव. मी फक्त कारण विचारीन.

तुझ्या
बाई

ता. क. : तुझी बाकमैत्रीण गणितात राहिली, तिनं फोन बंद ठेवलाय. तिच्या घरी जाऊन सांग की आता त्याच वर्षात दुसरी परीक्षा देता येते, तिचा अर्ज भरायची मुदत आत्ताच चालू आहे आणि फॉर्म शाळेतूनच जातो. पास झाली तर याच वर्षी कॉलेजला जाईल. रोज संध्याकाळी पाचला माझ्या घरी पाठव, नुसती वही घेऊन. जमलं तर तूही ये, तुझी त्रिकोणमिती तिला शिकव.