ज्यू राष्ट्र की ज्यूंचं राज्य?

ज्यूंना स्वतःचं राज्य हवं, असं मांडणाऱ्या थिओडोर हर्झल यांच्या १८९६ सालच्या जर्मन पुस्तिकेचं नाव मराठीत 'ज्यू राष्ट्र' करावं की 'ज्यू राज्य', असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही नकोत. 'ज्यूंचं राज्य' म्हणावं.

मूळ नाव 'डेर युडनश्टाट'. हा शब्द आपल्या सामासिक शब्दासारखाच फोडता येतो. 'युडन' म्हणजे ज्यू लोक (अनेकवचन), 'श्टाट' म्हणजे राज्य. विग्रह ज्यूंचं राज्य, म्हणजे सरळ षष्ठी तत्पुरुष, आपल्या 'रामराज्या'सारखा. विशेषणच हवं असतं तर जर्मनमध्ये 'युडिशर श्टाट' म्हणायची सोय होती. मराठीत 'ज्यू' हे नामही आहे आणि विशेषणही, त्यामुळे 'ज्यू राज्य' म्हटलं की धर्मशास्त्राने चालणारं राज्य असाही अर्थ डोकावतो. हर्झल यांच्या मनात ते अजिबात नव्हतं. सैन्य जसं बराकीत, तसे धर्मगुरू देवळात ठेवू, असं त्यांनी याच पुस्तिकेत बजावलं आहे. राज्याची भाषा हिब्रू असावी, हाही त्यांचा आग्रह नव्हता. हिब्रूत रेल्वेचं तिकीट मागण्याइतकी ती आपल्यापैकी कोणाला येते, असं ते विचारतात! बुडापेस्टात जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला आणि पॅरिसहून बातम्या पाठवणारा हा पत्रकार. त्याच्या तोंडी हा प्रश्न किती स्वाभाविक वाटतो.

आता 'राष्ट्र'. हा शब्द तर इथे मुळीच चालणार नाही. पुस्तिकेत एक छोटं वाक्य आहे: 'आम्ही एक राष्ट्र आहोत, एकच राष्ट्र.' तिथे जर्मन शब्द 'फोल्क' आहे, जनसमूह या अर्थाचा. म्हणजे राष्ट्र त्यांच्या लेखी होतंच, नव्हतं ते राज्य. ते कुठे उभारायचं, पॅलेस्टाइनमध्ये की अर्जेंटिनात, हेही त्यांनी तेव्हा खुलं ठेवलं होतं. नावात 'राष्ट्र' घातलं की सगळा युक्तिवादच उलटा होतो.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट परिषद, म्हणजे ज्यूंच्या मायभूमीसाठीच्या चळवळीची परिषद, भरली. तिथल्या ठरावात 'श्टाट' नाही, 'हाइमश्टेट' आहे. मराठीत मी त्याला 'हक्काचं घर' म्हणेन. पॅलेस्टाइन तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं, त्याला बोचू नये म्हणून हा मवाळ शब्द. पण परिषद आटोपल्यावर ३ सप्टेंबरला हर्झल यांनी रोजनिशीत लिहिलं की, बाझलमध्ये मी 'युडनश्टाट' स्थापन केलं.