व्हॅली ऑफ फायरला आईबाबांना घेऊन तंबूत राहावं का?

प्रश्न: लास वेगासला चार दिवस आहोत, सोबत सत्तरीचे आईबाबा. नेवाडातल्या व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्कला एक रात्र तंबूत राहणं जमेल का, की दिवसाच जाऊन यावं?

उत्तर: राहाच. वेगासपासून जेमतेम ८० किलोमीटर, म्हणून लोक नाश्ता करून निघतात, भर दुपारी लाल दगडांपुढे फोटो काढतात आणि परत पळतात. याला मी पार्क बघणं म्हणत नाही. इथल्या कड्यांवर जुन्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत, ती निवांत बघायला हवीत.

आमच्या घरात यावरून जुना वाद आहे. बाबा रत्नागिरीहून आले होते, तेव्हा भावोजींचं म्हणणं पडलं, "चार रेघोट्या बघायला म्हाताऱ्या माणसाला थंडीत कशाला निजवायचं?" मी ऐकलं नाही. ज्या माणसाने रत्नागिरीजवळच्या उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती कितीतरी पाहुण्यांना स्वतः नेऊन दाखवलाय, त्याला रेघोट्या कशा असतात ते ठाऊक आहे.

आम्ही अ‍ॅटलॅटल रॉकच्या कॅम्पमध्ये उतरलो. अ‍ॅटलॅटल म्हणजे धनुष्यबाण येण्याआधी भाला लांब फेकायला वापरायचे तो दांडा. त्याचंही चित्र कॅम्पजवळच्या अ‍ॅटलॅटल रॉकच्या कड्यावर आहे. भर उन्हात ही चित्रं सपाट आणि फिकी दिसतात. ऊन तिरपं झाल्यावर बाबा लोखंडी जिन्याचा कठडा धरत वर चढले. हात पाठीमागे बांधून, हात न लावता, एका रानमेंढ्याच्या वळलेल्या शिंगांजवळ त्यांनी तोंड नेलं. म्हणाले, "ही रेघ ओढलेली नाही रे, टोचून टोचून काढलीय." खरंच तसं आहे. लोह आणि मँगनीजचा काळपट थर हजारो वर्षांत दगडावर चढतो. तो दुसऱ्या दगडाने ठोकून उडवला की खालचा फिका दगड उघडा पडतो. काही चित्रं २००० वर्षांहून जुनी आहेत. बाबांचं पुढचं वाक्य मला कुठल्याच माहितीफलकावर दिसलं नव्हतं: "आपल्याकडे आडव्या कातळाच्या सड्यावर, इथे उभ्या कड्यावर. आपलं बघायला चालावं लागतं, यांचं बघायला मान वर करावी लागते."

दिवसा आलेल्यांना सूर्यास्ताला पार्क सोडावं लागतं. आम्ही तिथेच टेबलावर स्टोव्ह मांडून पिठलं-भात केला आणि बाबा रात्री उशिरापर्यंत एकच विचारत राहिले, ही माणसं गेली कुठे? म्हणून सकाळी जवळच्या ओव्हर्टनला लॉस्ट सिटी म्युझियम बघायला नेलं. या भागात शेती करणाऱ्या प्वेब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या वस्त्या होत्या, त्या इथे समजतात. हूव्हर धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच लेक मीड या धरणाच्या जलाशयाखाली गेल्या. हे म्युझियम १९३५ साली त्याच काळात उभं राहिलं. धरणाखाली गेलेलं गाव म्हणजे काय, हे कोयनेच्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या माझ्या बाबांना वेगळं सांगावं लागलं नाही. पाच तासांच्या सहलीत यातलं काय झालं असतं, भावोजींनी सांगावं.

आता तुमच्या आईबाबांचं. पाणी, सावलीची टेबलं, शेगडी, स्वच्छतागृह सगळं आहे. जमिनीवर झोपवू नका, घडीची खाट न्या. जागा आधी आरक्षित करा. शनिवार-रविवारी आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. गुडघे दुखत असतील तर जिना सोडा. माउसेज टँकच्या वाटेवरची चित्रं खालूनच दिसतात, पण ती वाट वाळूची आहे, काठी घ्या. १८९०च्या दशकात दक्षिणी पायूट या मूळ रहिवासी जमातीचा माउस नावाचा माणूस तिथे लपून राहिला होता, पावसाचं पाणी साठणाऱ्या दगडी कुंडाच्या आधाराने. त्याच्याच नावाने ती जागा ओळखतात.

मुलांना चित्रांवर चढू देऊ नका. आणि आपल्याकडे फोटोसाठी कातळशिल्पांत खडू भरतात, तो प्रकार इथे तर नाहीच, कोकणातही करू नका.

हे सगळं हिवाळ्याच्या आसपास जाणाऱ्यांसाठी. त्यातही डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, तेव्हा ज्यांना दमा आहे त्यांना हॉटेलातच ठेवा. भावोजींचं एवढं मला मान्य आहे. जून ते सप्टेंबर पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना तंबूत नेऊच नका.