क्वालालंपूरमध्ये आईवडिलांसोबत दोन दिवसांत काय पाहावं?

आईवडील सत्तरीचे, त्यात बाबांचे गुडघे दुखरे, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिला दिवस जुन्या शहराला द्या. शहराचे प्रसिद्ध जुळे मनोरे, पेट्रोनास टॉवर, मात्र रात्री खालच्या बागेतून फुकट दिसतात आणि तेच दृश्य जास्त सुंदर आहे. वर जायचंच असेल तर तिकीट आधी काढा, सोमवार टाळा.

सकाळी मस्जिद जामेक स्टेशनला उतरा. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांच्या संगमावर १९०९ची मशीद आहे. शेजारीच १८९७ची सुलतान अब्दुल समद इमारत. घुमट, कमानी, मनोरा... मुंबईचं जीपीओ पाहिलेल्यांना ही शैली लगेच ओळखीची वाटेल, कारण इंग्रजांनी ती हिंदुस्थानातूनच तिकडे नेली. समोरच्या मर्देका चौकात १९५७च्या ३० ऑगस्टच्या मध्यरात्री ब्रिटिश झेंडा उतरला. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे मशिदीत जाता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तिथून सेंट्रल मार्केटवरून रमतगमत गेलात की श्री महामारिअम्मन मंदिर लागतं. स्थापना १८७३. हाकेच्या अंतरावर क्वान दी हे चिनी देऊळ, उदबत्त्यांच्या धुरात बुडालेलं. मलय, तमिळ, चिनी हे सगळं इतक्या जवळजवळ, की शहर कुणी वसवलं ते वेगळं सांगावं लागत नाही. पेटालिंग स्ट्रीटवर खरेदी करणार असाल तर घासाघीस करा. मला तो बाजार फारसा आवडला नाही.

दुसरा दिवस बाटू केव्हजला. केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनहून थेट लोकल आहे, पण गाड्या पटापट नसतात, वेळ पाहून निघा. गुहेतल्या मंदिराला २७२ पायऱ्या आहेत. बाबांना चढवू नका. स्टेशनातून बाहेर पडताच भलामोठा हिरवा मारुती आहे, आणि ४२.७ मीटरचा सोनेरी मुरुगन खालूनच नीट दिसतो. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. बायकांनी त्याचं दर्शन घ्यावं का, असं आईंनी विचारलं तर सांगा, तमिळांचा मुरुगन दोन बायकांचा नवरा आहे, इथे बायका बिनदिक्कत दर्शनाला येतात. थैपूसम या मुरुगनच्या उत्सवाला महामारिअम्मन मंदिरातून त्याचा चांदीचा रथ इथवर येतो, तेव्हा मात्र गर्दीत ज्येष्ठांना नेऊ नका. हातात खाऊची पिशवी ठेवू नका, माकडं हिसकावतात. गुडघे झाकतील असे कपडे घाला.

शाकाहारी असाल तर केएल सेंट्रलजवळच्या ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचं जेवण घ्या. मामक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या टपरीवर रोटी चनाई (पराठ्यासारखी पदरी रोटी) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) जरूर, पण रोटीसोबत डाळच द्या असं बजावून सांगा, नाहीतर माशाचा रस्सा येईल. सांबल या मिरचीच्या चटणीमध्येही बहुतेकदा सुकी कोळंबी असते.