नवीन संसारासाठी एकदाच घेऊन वर्षानुवर्षं टिकतील अशा स्वयंपाकघरातल्या वस्तू कोणत्या? दुकानात त्या पारखायच्या कशा?

वॉरंटीचा कागद मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघायचं ते हे की वस्तूचा कुठला भाग पहिला झिजणार आणि तो सुटा मिळतो का. मुळात फारशा झिजत नाहीत अशा वस्तू थोड्याच: बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, खलबत्ता, पाटा-वरवंटा. बाकी बहुतेकांचं आयुष्य सुट्या भागांवर अवलंबून असतं.

कुकरच घ्या. भांडं वर्षानुवर्षं चालतं. जाते ती रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दांड्याचे स्क्रू. म्हणून दुकानात आधी याच मॉडेलची रिंग आणि व्हॉल्व्ह मागा. दुकानदाराने लगेच काढून दिले तर निर्धास्त घ्या, ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा. आयएसआयची खूण हवीच. कुकरसाठी मानक आहे आयएस 2347, आणि 2021 पासून ते सक्तीचं आहे. खुणेजवळचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. ॲल्युमिनियमचा कुकर स्वस्त आणि हलका, पण पाणी आटून कोरडा तापला की त्याचं बूड फुगतं आणि तो शेगडीवर डुलायला लागतो. परवडत असेल तर स्टीलचा, जाड सँडविच बुडाचा (स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनियम असलेला) घ्या.

रिंगेच्या बाबतीत कंजुषी करू नका. ती ताणून बघा. चिरा दिसल्या किंवा हाताला कडक लागली की बदला. जुन्या रिंगेच्या कडेने वाफ निसटते, शिट्टी होत नाही, आपण वाट बघत राहतो, तोवर आतलं पाणी आटतं आणि व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो. म्हणजे रिंग वाचवली आणि व्हॉल्व्हही गेला. व्हॉल्व्ह वितळला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. जागी त्याच कंपनीचा नवा बसवा, ते भोक दुसऱ्या कशाने बुजवू नका, त्यात जिवाला धोका आहे. डाळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. शिट्टी काढून नळी उजेडासमोर धरली की आरपार दिसली पाहिजे. धुतल्यावर झाकण लावून ठेवू नका, नुसतं उलटं टेकवून ठेवा. रिंग दबून राहत नाही.

तव्यात बीड की लोखंड हे आधी ठरवा. पत्र्याचा लोखंडी तवा हलका, भाकरी-पोळीला लवकर तापतो, आपटला तर वाकेल पण फुटणार नाही. बिडाचा जड असतो, उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे डोसे-घावन-थालीपीठ त्यावर उत्तम होतात. पण हातातून फरशीवर पडला किंवा तापलेला असताना थंड पाणी ओतलं तर तडकतो. घेताना टिचकी मारा: खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो. पांढऱ्या फडक्याला तेल लावून घासा, काळा रंग निघाला तर घेऊ नका. घरी आणल्यावर साबणाने घासून लगेच कोरडा करा, मंद आचेवर तापवा आणि शेंगदाण्याचं तेल चोळून जवळजवळ सगळं पुसून काढा. मग धूर निघेपर्यंत तापवून गार होऊ द्या. असं चार वेळा. तेलाचा थर जाड राहिला की तवा चिकट होतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं. चिंच, कोकम, टोमॅटो त्यात शिजवू नका, आंबटाने थर निघतो आणि पदार्थ काळा पडतो.

स्टीलच्या भांड्यांना लोहचुंबक लावून बघायची पद्धत अपुरी आहे. 304 या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, पण स्वस्त 202 प्रतीलाही चिकटत नाही, आणि 202 ला मिठाने खड्डे लवकर पडतात. भांड्यावर किंवा बिलावर 304 लिहून घ्या. पाणी उकळल्यावरच त्यात मीठ घाला.

मिक्सरमध्ये वॅटपेक्षा दुरुस्ती बघा. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे त्या कंपनीचे कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग), कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) आणि भांड्याचे बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची नळी) मिळतात का ते विचारून मगच घ्या. कपलर तुटणं हा दोष नाही, मोटर वाचावी म्हणून तो आधी तुटतो. भांड्याखाली काळपट ओल दिसली तर बुश झिजलंय. तेव्हाच बदला, नाहीतर पाणी मोटरपर्यंत जातं. अचानक बंद पडला तर तळाचं लाल बटण दहा मिनिटांनी दाबून बघा.

नॉनस्टिक या यादीत नाही, त्याचा थर काही वर्षांतच जातो. पितळेची पातेली मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, फक्त कल्हई (आतून कथलाचा मुलामा) करून देणारा जवळपास असला पाहिजे. आतून पिवळं दिसू लागलं की कल्हई होईपर्यंत त्यात ताक, आमटी, कोकम काहीही आंबट ठेवू नका.